मोठ्या शिकारीसाठी पहिली रायफल: महिलांनी निवड कोणत्या क्रमाने करावी

मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी पहिली रायफल घेऊ पाहणाऱ्या महिलेला बहुतेक वेळा सर्वांत आधी काडतुसाबद्दल विचारले जाते. त्यानंतर कंपनीची चर्चा होते, मग किंमतीची, आणि रायफल अंगाला बसते की नाही हा विषय निघालाच तर अगदी शेवटी निघतो. या लेखात हा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी शरीराची मापे, मग दस्ता (रायफलीचा खांद्याला टेकवायचा मागचा भाग), मग वजन आणि त्यानंतर काडतूस असा विचार केला, तर निवड सोपी होते आणि पुढे पश्चात्तापाची वेळ येत नाही. नेम चुकण्याची आणि खांदा दुखण्याची जी कारणे सर्रास काडतुसाच्या माथी मारली जातात, त्यांतील बरीचशी खरे तर न बसणाऱ्या दस्त्याची असतात.

येथे मोठी शिकार म्हणजे निरनिराळ्या जातींची हरणे, एल्क आणि मूस ही हरणांच्या कुळातली थोराड जनावरे, रानडुक्कर किंवा आफ्रिकेतील कुडू हे मोठे काळवीटवर्गीय जनावर यांसारखी जनावरे अभिप्रेत आहेत, आणि तीही जेथे व ज्या हंगामात त्यांची शिकार परवान्याने करता येते तेवढ्यापुरतीच. रानरेडा, हत्ती किंवा सिंह यांच्यासाठी लागणारी रायफल कोणाचीही, स्त्रीची वा पुरुषाची, पहिली रायफल असू नये. त्यामुळे तिचा विचार येथे केलेला नाही.

पहिली पायरी: जनावर, भूभाग आणि कायदा कागदावर उतरवा

दुकानात जाण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून काढाव्यात. आपण कोणत्या जनावरामागे जाणार आहोत, ते साधारण किती अंतरावरून दिसेल आणि रायफल खांद्यावर घेऊन किती चालावे लागेल. दाट जंगलात बहुतेक बार शंभर मीटरच्या आतच होतात, तर उघड्या डोंगराळ मुलखात सावज दोनशे मीटरवर उभे असते आणि तेथवर पोहोचेपर्यंत अर्धा दिवस चढण चढावी लागते. मचाणावर बसून वाट पाहणारीला जड रायफल चालते, पण डोंगर चढणारीला ती दुपारपर्यंत नकोशी होते.

कायद्याची अट याच वेळी पाहून घ्यावी, कारण काडतुसाची किमान मर्यादा पुष्कळदा तोच ठरवतो. इंग्लंडमध्ये मोठ्या जातीच्या हरणांसाठी किमान ०.२४० इंच कॅलिबर (नळीचा आतला व्यास) आणि नळीच्या तोंडाशी गोळीची १७०० फूट-पाउंड ऊर्जा लागते (फूट-पाउंड आणि जूल ही ऊर्जेची एकके). अमेरिकेतील कोलोराडो राज्यात एल्क व मूससाठी किमान ०.२४ इंच कॅलिबर आणि ८५ ग्रेन (साधारण साडेपाच ग्रॅम) वजनाची गोळी आवश्यक आहे. स्वीडनमध्ये मूससाठी गोळी किमान ९ ग्रॅमची असून १०० मीटरवर तिची ऊर्जा किमान २७०० जूल असावी लागते, आणि गोळी १० ग्रॅमची असेल तर २००० जूल पुरतात. म्हणजे २४३ विंचेस्टर हे काडतूस कोलोराडोत एल्कसाठी कायद्याने चालते, पण स्वीडनमध्ये मूससाठी चालत नाही, कारण त्याची नेहमीची १०० ग्रेनची गोळी साडेसहा ग्रॅमच्याच आसपास भरते. आपण जेथे शिकार करणार तेथील अट ठाऊक नसताना काडतूस ठरवणे म्हणजे दोनदा खर्च करणे होय.

शस्त्रपरवाना आणि शिकारीचे प्रशिक्षण यांचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. जेथे प्रशिक्षण सक्तीचे नाही तेथेही ते आधी करावे आणि खरेदी नंतर करावी. अशा वर्गात निरनिराळ्या रायफली हातात घेता येतात, आणि त्या शिकवणाऱ्या व्यक्तीला त्यांपैकी एकही आपल्याला विकायची नसते.

दुसरी पायरी: प्रबळ डोळा कोणता ते तपासा

दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांमध्ये एक लहानशी त्रिकोणी फट करावी, दोन्ही डोळे उघडे ठेवून तीतून दूरची एखादी वस्तू पाहावी आणि वस्तू नजरेआड होऊ न देता हात सावकाश चेहऱ्याकडे आणावेत. हात ज्या डोळ्याशी येऊन टेकतात तो प्रबळ डोळा. उजव्या हाताने काम करणाऱ्या काही जणींचा डावा डोळा प्रबळ निघतो, आणि हे रायफल घेण्यापूर्वी कळणे महत्त्वाचे असते.

असे निघाले तर दोन मार्ग उरतात. एक म्हणजे उजव्याच खांद्यावर रायफल ठेवून नेम धरताना डावा डोळा मिटणे. दुर्बीण लावलेल्या रायफलीवर हे बऱ्यापैकी निभावते. दुसरा मार्ग डाव्या खांद्यावरून शिकण्याचा. नवशिक्या व्यक्तीला जुन्या सवयी मोडायच्या नसतात, त्यामुळे लहान कॅलिबरच्या उसन्या रायफलीवर काही दिवस डावा खांदा वापरून पाहावा, असा माझा आग्रह राहील. तो जमला तर डावखुऱ्यांसाठीचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत सारण्यासाठी हाताने मागेपुढे करायचा दांडा, असलेली रायफल घ्यावी. अशा रायफली बऱ्याच कंपन्या बनवतात, फक्त त्यांत प्रकार कमी असतात.

तिसरी पायरी: दस्त्याची मापे

सारा लेख वाचायला सवड नसेल तर निदान हा भाग नीट वाचावा. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक रायफलींच्या दस्त्याची लांबी, म्हणजे चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर, साडेतेरा ते पावणेचौदा इंच असते. हे माप सरासरी पुरुषाला समोर ठेवून ठरलेले आहे. मध्यम उंचीच्या पुष्कळ महिलांना साडेबारा ते तेरा इंच लांबी सोयीची पडते, तर उंच महिलेला नेहमीचाच दस्ता बरोबर बसू शकतो. म्हणून महिलांची रायफल म्हणजे लहान रायफल हे समीकरण डोक्यातून काढून टाकावे.

दस्ता लांब असला की डोके पुढे ताणावे लागते, पुढचा हात जवळजवळ सरळ होतो, वजन पेलण्यासाठी कंबरेतून मागे झुकावे लागते आणि दस्त्याचे टोक खांद्याच्या खोबणीत न बसता दंडाकडे सरकते. अशा उभे राहण्यात मध्यम काडतुसाचा धक्काही, म्हणजे बार सुटताना रायफल मागे आदळते तो, जोरात लागतो, कारण तो घेण्यासाठी शरीराचे वजन पुढे नसते आणि दस्ता हाडावर आपटतो. दस्ता आखूड असला तर अडचण वेगळी होते. चाप ओढणाऱ्या हाताचा अंगठा धक्क्यासरशी नाकाला लागतो आणि दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ येते.

लांबी पाहण्याची जुनी रीत अशी की दस्त्याचे टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचे आणि तर्जनी चापापर्यंत पोहोचते का ते पाहायचे. ही रीत केवळ अंदाजापुरती आहे, कारण मानेची लांबी, खांद्यांची रुंदी आणि छातीची ठेवण यांतले काहीच तिच्यात येत नाही. त्याऐवजी पुढील रीतीने पाहावे. शिकारीला जाताना जो जाड कोट घालणार तोच घालावा, कारण त्याने माप एक-दोन सेंटिमीटरने सहज बदलते. रायफल रिकामी असल्याची बोल्ट उघडून डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी. मग सुरक्षित दिशेला तोंड करून भिंतीवरच्या एखाद्या ठिपक्याकडे पाहावे, डोळे मिटावेत, रायफल सहजपणे खांद्याला लावावी, गाल दस्त्यावर टेकवावा आणि नंतर डोळे उघडावेत. दुर्बिणीतले वर्तुळ काळी कड न दिसता पूर्ण दिसत असेल, मान ताणलेली नसेल आणि पुढचा कोपर थोडा वाकलेला असेल, तर लांबी जमली. पूर्ण वर्तुळ दिसण्यासाठी डोके पुढेमागे किंवा वरखाली करावे लागत असेल, तर काहीतरी चुकते आहे. दुर्बीण पुढे-मागे सरकवूनही ते सुटले नाही, तर दोष दस्त्याचा समजावा. ही चाचणी पाच-सहा वेळा करावी, कारण पहिल्या खेपेला शरीर रायफलीशी जुळवून घेते आणि दोष झाकला जातो.

लांबीनंतर गालाच्या टेकूची उंची पाहावी. मान लांब आणि गालाची हाडे वर असली तर नेहमीच्या दस्त्यावर गाल टेकत नाही, हनुवटी टेकते. मग डोके हवेत राहते, प्रत्येक बाराला डोळ्याची जागा बदलते आणि धक्क्याने दस्ता वर उसळून गालाच्या हाडावर बसतो. गाल दुखत असेल तर आधी काडतूस बदलू नये, टेकू उंच करून पाहावा. उंची कमी-जास्त करता येणारे दस्ते मिळतात, आणि दस्त्यावर बांधायचे पट्ट्याचे गालटेकूही मिळतात. ही दुसरी सोय दिसायला ओबडधोबड आहे, पण स्वस्तात काम भागवते.

तिसरे माप दस्त्याच्या मागच्या टोकाच्या कलाचे, आणि ते महिलांच्या बाबतीत नेमके दुर्लक्षित राहते. दस्त्याच्या टोकाचा खालचा कोपरा पुरुषाच्या सपाट छातीवर अलगद बसतो, पण महिलेच्या छातीच्या वरच्या भागात तो रुततो, त्यामुळे संपूर्ण धक्का त्या एका कोपऱ्यावर येतो आणि रायफल वर उसळते. टोकाचा कल थोडा वाढवला, म्हणजे खालचा कोपरा किंचित आत घेतला किंवा गोल करून बाहेरच्या बाजूला वळवला, की दस्ता पूर्ण लांबीने खांद्याला लागतो. अनुभवी कारागिराला हे काम फार वेळखाऊ नाही. येथेच एक बारीक गोष्ट, जी विक्रेते क्वचितच सांगतात: ब्रेसियरच्या पट्ट्याची धातूची कडी दस्त्याखाली आली तर मऊ रबरी गादी असूनही तेथे काळानिळा वळ उठतो. खेळासाठीची रुंद पट्ट्याची, कडी नसलेली ब्रेसियर घातली की हा त्रास टळतो. पाठपिशवीच्या पट्ट्याचेही तसेच आहे.

शेवटी मुठीचा भाग. हात लहान असेल तर जाड मुठीवरून तर्जनीचे पेर चापापर्यंत पोहोचत नाही, आणि बोट ताणून ओढलेला चाप रायफल बाजूला खेचतो. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य चापावर यावा आणि उरलेले बोट दस्त्याला घासू नये.

या मापांचा विचार करून बनवलेल्या रायफली आता बाजारात आहेत. वेदरबी कंपनीने २०१६ मध्ये आणलेल्या व्हॅनगार्ड कॅमिला या रायफलीचा दस्ता तेरा इंची आहे. संस्थापक रॉय वेदरबी यांच्या पत्नीचे नाव तिला दिले आहे. सॅव्हेज कंपनीची लेडी हंटर याच हेतूने बनली. रुगर अमेरिकन कॉम्पॅक्टचा दस्ता साडेबारा इंची आहे. मॉसबर्गच्या काही रायफलींत दस्त्याच्या टोकाशी पट्ट्या घालून किंवा काढून लांबी बदलता येते. मुलांसाठीच्या रायफली मात्र सावधपणे पाहाव्यात. त्यांची लांबी जुळते, पण गालाचा टेकू बुटका असतो, वजन फार कमी असते आणि त्यामुळे धक्का वाढतो.

घरातल्या कोणाची जुनी रायफल मिळणार असेल तर ती नाकारण्याचे कारण नाही, पण दस्ता कापण्याची घाई करू नये. लाकडी दस्ता कापून त्यावर नवी गादी बसवता येते, परंतु कापलेले लाकूड परत जोडता येत नाही. आधी थोडे कमी कापून घ्यावे, काही दिवस वापरून पाहावे आणि मग पुढचे ठरवावे. पोकळ प्लास्टिकच्या दस्त्याचे काम अधिक किचकट असते, तेथे पूर्ण दस्ताच बदलणे बरे पडते.

चौथी पायरी: वजन

महिलेसाठी हलकी रायफल असा सल्ला हमखास मिळतो आणि तो अर्धाच खरा आहे. एकाच काडतुसासाठी धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. तीन किलोच्या रायफलीऐवजी तेच काडतूस ३.६ किलोच्या रायफलीतून उडवले तर धक्क्याची ऊर्जा सुमारे १७ टक्क्यांनी घटते. शिवाय अतिशय हलकी रायफल धापा टाकत असताना स्थिर राहत नाही, तिचे तोंड श्वासागणिक हलते. दुर्बीण आणि पट्ट्यासह ३.२ ते ३.६ किलो हे पहिल्या रायफलीसाठी समजूतदार वजन आहे. डोंगरात फार चालायचे असेल तर यातली खालची मर्यादा धरावी.

वजन किती यापेक्षा ते कोठे आहे हे खांद्याला अधिक जाणवते. रायफल दोन्ही हातांच्या मधोमध तोलली गेली पाहिजे. नळी २० ते २२ इंचांची असली तर तोल चांगला राहतो आणि झुडपांतून जाताना ती अडकत नाही. आखूड नळीमुळे गोळीचा वेग दर इंचाला साधारण २० ते ३० फूट प्रतिसेकंद कमी होतो. येथे सांगितलेल्या अंतरांवर त्याने फरक पडत नाही, फक्त आवाज वाढतो.

पाचवी पायरी: काडतूस

आता काडतुसाकडे वळता येईल. धक्क्याचे साधारण आकडे समोर ठेवले की निवड पुष्कळशी आपोआप होते. सुमारे साडेतीन किलोच्या रायफलीत २४३ विंचेस्टरचा धक्का नऊ-दहा फूट-पाउंड, ६.५ क्रीडमूर आणि ७ मिमी-०८ रेमिंग्टन यांचा बारा ते चौदा, २७० आणि ३०८ विंचेस्टर यांचा सोळा ते अठरा, ३०-०६ स्प्रिंगफील्डचा वीसच्या आसपास आणि ३०० विंचेस्टर मॅग्नमचा पंचविसाच्या वर जातो. नवशिक्या व्यक्तीला, मग ती स्त्री असो वा पुरुष, पंधरा फूट-पाउंडांपर्यंतचा धक्का सरावाने पचतो, आणि वीसच्या पुढे चाप ओढताना डोळे मिटण्याची सवय लागण्याचा धोका वाढतो. ही सवय लागायला एक दुपार पुरते, पण सुटायला महिने लागतात.

माझी पहिली पसंती ७ मिमी-०८ रेमिंग्टनला आहे. १९८० मध्ये बाजारात आलेले हे काडतूस ३०८ विंचेस्टरची मान अरुंद करून बनवले आहे, आणि १४० ग्रेनची गोळी ते सुमारे २८०० फूट प्रतिसेकंद वेगाने फेकते. हरणापासून एल्कपर्यंतची जनावरे योग्य अंतरावर योग्य जागी लागलेल्या या गोळीने पडतात. ६.५ क्रीडमूर त्याच्या बरोबरीचे आहे, त्याची काडतुसे अधिक सहज मिळतात आणि त्यासाठी रायफलींचे प्रकारही अधिक आहेत, म्हणून ज्या ठिकाणी ७ मिमी-०८ची काडतुसे शोधत फिरावे लागते तेथे निःशंकपणे ६.५ क्रीडमूर घ्यावे. उत्तर युरोपात ६.५ बाय ५५ हे १८९०च्या दशकातले काडतूस आजही मूससाठी वापरले जाते, यावरून मध्यम धक्क्याच्या काडतुसांचा दम कळतो.

ज्यांना याबद्दल शंका वाटते त्यांनी एलेनॉर ओ'कॉनर यांचे उदाहरण पाहावे. अमेरिकी शिकारलेखक जॅक ओ'कॉनर यांच्या या पत्नीने वेगवेगळ्या खंडांत शिकार केली, आणि बहुतेक जनावरांसाठी त्यांचा भरवसा ७ बाय ५७ मिमी माउझर या मवाळ काडतुसावर होता. फार मोठ्या जनावरांसाठी त्या ३०-०६ वापरत. जिम कॉर्बेट यांची प्रसिद्ध २७५ रिग्बी रायफल हेच ७ बाय ५७ काडतूस वापरत असे. ७ मिमी-०८ची कामगिरी त्याच्या जवळपास समान आहे.

२४३ विंचेस्टर हे १९५५ पासून चालत आलेले गुणी काडतूस आहे आणि महिलांना व मुलांना ते सर्वांत आधी सुचवले जाते. लहान व मध्यम हरणांसाठी ते पुरेसे आहे. मात्र एल्क किंवा मूससारख्या जनावरासाठी गोळी कोठे लागते आणि किती खोल जाते याची गणिते त्यात फार काटेकोर होतात. ती काटेकोरी अनुभवी शिकाऱ्याला पेलते, पहिल्या हंगामातल्या व्यक्तीवर ती लादू नये. कमी धक्क्यासाठी सुचवलेले काडतूस म्हणूनच नवशिक्यांच्या हातात सर्वांत अवघड ठरू शकते.

नळीच्या तोंडावर बसवण्याच्या धक्कारोधकाबद्दल एक इशारा आवश्यक आहे. तो धक्का खूपच कमी करतो, पण वायू बाजूंना फेकल्यामुळे आवाज असह्य वाढतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीला तो अधिक लागतो. ज्या देशात आवाजरोधक कायदेशीर आहे तेथे तो घ्यावा. तो आवाज आणि धक्का दोन्ही कमी करतो, फक्त नळीची लांबी आणि पुढचे वजन वाढवतो.

सहावी पायरी: यंत्रणा आणि चाप

पहिल्या रायफलीसाठी बोल्टची यंत्रणा घ्यावी. ती साधी आहे, स्वच्छ करायला सोपी आहे आणि रायफल भरलेली आहे की रिकामी हे बोल्ट उघडताच दिसते. ७ मिमी-०८, ६.५ क्रीडमूर, २४३ आणि ३०८ ही चारही काडतुसे आखूड यंत्रणेत बसतात. तिच्यात बोल्ट ३०-०६च्या मानाने सुमारे अर्धा इंच कमी मागे ओढावा लागतो. हात लहान असलेल्या व्यक्तीला याचा फायदा प्रत्यक्ष जाणवतो, कारण दुसऱ्या बारासाठी रायफल खांद्यावरून न काढता बोल्ट फिरवता येतो.

चाप साधारण सव्वा ते दीड किलोच्या ओढीचा असावा आणि तो न घसरता, न अडखळता सुटावा. यापेक्षा हलका चाप थंडीने बधिर झालेल्या किंवा हातमोजे घातलेल्या बोटाखाली धोक्याचा असतो. सेफ्टीचा खटका अंगठ्याने पकड न सोडता सरकतो का, आणि त्याचा टक आवाज फार मोठा होत नाही ना, हेही पाहावे.

सातवी पायरी: दुर्बीण

तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी, चाळीस मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पहिल्या रायफलीला पुरेशी आहे. जास्त पटीच्या दुर्बिणीत सावज शोधायला वेळ लागतो आणि हातांचा कंप मोठा होऊन दिसतो. महिलांच्या दृष्टीने पाहण्याची खरी गोष्ट म्हणजे डोळा आणि भिंग यांतले अंतर. हे अंतर नऊ-दहा सेंटिमीटर असणारी दुर्बीण घ्यावी, कारण दस्ता आखूड केला की डोळा पुढे येतो, आणि चढावर वर नेम धरताना किंवा पोटावर झोपून बार काढताना तो आणखी पुढे जातो. तेव्हा दुर्बिणीची कड भुवईवर लागते. म्हणून दस्ता आधी ठरवावा, दुर्बीण नंतर बसवावी आणि ती शक्य तितकी पुढे सरकवून पाहावी. दुकानात रायफलीवर आधीच बसवून ठेवलेली दुर्बीण क्वचितच कोणाच्या मापाची असते.

खरेदी करताना

विक्रेता आपल्याशी न बोलता सोबत आलेल्या पुरुषाशी बोलू लागला, तर संभाषण शांतपणे आपल्याकडे वळवावे, आणि ते वळत नसेल तर दुकान बदलावे. सोबतीला कोणी यायचेच असेल तर त्याने डोळे मिटून रायफल लावण्याच्या चाचणीत वर्तुळ पूर्ण दिसते का हे विचारावे, मत देऊ नये. भेट म्हणून रायफल देऊ इच्छिणाऱ्या नवऱ्याने किंवा भावाने रायफल न देता तिच्या खर्चाची रक्कम द्यावी, आणि निवड जिच्या खांद्यावर ती बसणार तिच्यावर सोपवावी.

चाप ओढून पाहण्यापूर्वी परवानगी घ्यावी. जुनी रायफल असेल तर नळी उजेडाकडे धरून आतील रेषा स्वच्छ आहेत का, तोंडाशी ठेच लागली आहे का आणि दस्ता आधी कोणी कापला आहे का ते पाहावे. सगळी रक्कम रायफलीवर संपवू नये. दुर्बिणीच्या पक्क्या कड्या, कानांचे संरक्षण, कुलपाची पेटी आणि सरावाची काडतुसे यांचा खर्च त्यातच धरावा.

सरावाची सुरुवात

रायफलीचा बार १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि १४० डेसिबलच्या पुढे एकच आवाजही श्रवणशक्तीला कायमची इजा करू शकतो. त्यामुळे नेमबाजीच्या मैदानावर कानांत बोळे आणि वर कर्णकवच असे दोन्ही घालावे. धक्क्याची भीती वाटते म्हणून जी सांगितली जाते ती पुष्कळदा आवाजाचीच भीती असते.

सुरुवात २२ कॅलिबरच्या रायफलीपासून करावी. त्यानंतर आपल्या रायफलीत नकली काडतूस घालून घरी रोज थोडा वेळ बोल्ट, गाल, श्वास आणि चाप यांचा क्रम गिरवावा. खऱ्या काडतुसांनी एका बैठकीत पंधरा-वीसहून अधिक बार काढू नयेत. टेबलावर टेकून काढलेल्या बारात शरीर मागे हलू शकत नाही, त्यामुळे धक्का जास्त लागतो. म्हणून टेबलाचा उपयोग दुर्बीण जुळवण्यापुरता करावा आणि सराव उभे राहून, गुडघ्यावर आणि काठ्यांच्या आधाराने करावा. मध्येच सोबत्याने आपल्याला न दाखवता मॅगझीनमध्ये एखादे नकली काडतूस मिसळावे. त्या वेळी रायफलीचे तोंड खाली दबले, तर चाप ओढताना दचकण्याची सवय लागू पाहते आहे हे लगेच कळते, आणि तेथेच थांबून पुन्हा २२ कॅलिबरकडे जाता येते.

हरणाच्या छातीतील मर्माची जागा साधारण वीस सेंटिमीटर व्यासाची धरतात. तेवढ्या वर्तुळात शिकारीच्या पवित्र्यातून सलग पाच गोळ्या ज्या अंतरावरून बसतात ते आपले अंतर, आणि त्यापलीकडच्या सावजावर या हंगामात बार काढू नये. नॉर्वेत मोठ्या शिकारीसाठी दरवर्षी परीक्षा द्यावी लागते. तीत १०० मीटरवरून पाच गोळ्या तीस सेंटिमीटरच्या वर्तुळात बसवाव्या लागतात. आपण जेथे शिकार करणार तेथे अशी सक्ती नसली तरी हंगामापूर्वी स्वतःची परीक्षा याच मापाने घेण्यास कोणाची हरकत नाही.

दुर्बीण अशी जुळवावी की १०० मीटरवर गोळी नेमाच्या दोन-तीन सेंटिमीटर वर लागेल, ज्या कंपनीच्या आणि ज्या वजनाच्या गोळीने ती जुळवली तीच काडतुसे शिकारीला न्यावीत आणि त्यांची नोंद रायफलीच्या पेटीत ठेवावी. गोळीचे वजन बदलले की नेम पुन्हा जुळवावा लागतो. प्रवासानंतर शिकारीच्या ठिकाणी पोहोचल्यावर दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू तपासावेत आणि परवानगी असलेल्या जागी कागदावर दोन-तीन बार काढून पाहावेत. ते जागेवर बसले नाहीत, तर त्या दिवशी रायफल घेऊन बाहेर पडू नये.